संक्रांतीचे अत्तर

“बाही जरा वर घ्या, चंद्रप्रभाताई. लोकरीवर अत्तर पडलं तर डाग जात नाही,” हेमलता म्हणाली.

चंद्रप्रभाताईंनी स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली. हेमलतेने त्यांच्या मनगटावर अत्तराचे बोट फिरवले; पण तिची दृष्टी अत्तरावर नव्हती, कातडीवर होती. हात स्वच्छ होता. तिने हळदकुंकू लावले, तिळगूळ आणि वाणाची वाटी दिली व ती पुढच्या सुवासिनीकडे वळली.

गुरुग्रामच्या त्या उंच इमारतीतील मराठी कुटुंबे दर संक्रांतीला एकत्र येत. यंदा हळदकुंकू आपल्याच घरी, असा हट्ट हेमलतेने धरला होता. दिल्लीकडच्या जानेवारीत बायकांचे उघडे हात पाहायचे, तर दुसरा मार्ग तिला सुचला नव्हता.

तिच्या पतीच्या, उल्हासच्या, दोन्ही हातांवर तांबूस वलये उठली होती, कमरेखालीही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने ती अधिकच पसरली; अत्तराचा थेंब लागला तरी झोंबत. अखेर डॉक्टर वृंदांनी दोघांना समोर बसवून सांगितले, “दिसायला गजकर्ण, पण हा प्रकार निराळा. पूर्वी क्वचितच दिसायचा. हल्ली वाढतोय, शरीरसंबंधातून. काही गटांमध्ये विशेष...”

“औषध किती दिवस घ्यायचं?” उल्हासने मध्येच विचारले.

“बरेच आठवडे. आणि ज्यांच्याशी संबंध आला असेल, त्यांनाही घेऊन या. लाजलात तर पसरत राहील.”

हेमलतेच्या अंगावर एकही डाग निघाला नाही. त्यात नवल नव्हते. वर्षभर पतिपत्नींची अंथरुणे निराळी होती.

“कोण आहे ती?” परतताना मोटारीत तिने विचारले. उल्हासने रेडिओचा आवाज वाढवला.

नाव तिला ठाऊक असल्यासारखेच होते. वरच्या मजल्यावरची मीनाक्षी. उल्हासची प्रत्येक संध्याकाळ तिच्या घरी जाई. मीनाक्षीचा नवरा भालचंद्र याच्याशी बुद्धिबळ खेळतो, हे निमित्त हेमलतेला पाठ झाले होते. बुद्धिबळ हरून कोणी शीळ घालीत घरी येत नाही, हेही तिला कळत होते.

“वहिनी, भावजींचं नाव आता आमच्याच रेशनकार्डावर घालते हं!” हळदकुंकवाला आलेली मीनाक्षी सतरंजीवर बसता बसता म्हणाली. “तुमच्या हातचा चहा त्यांना गोडच लागत नाही, यार!”

बायका खळखळून हसल्या. हेमलताही हसली. मग तिने अत्तरात बोट बुडवले.

“हात दे. दोन्ही.”

“दोन्ही? अच्छा, आज माझे जास्त लाड!”

मीनाक्षीने बाह्या वर सारल्या. नितळ, भरलेले हात. हेमलतेने ते उलटे पाहिले, सुलटे पाहिले. साधा ओरखडाही नव्हता.

“काय शोधताय, वहिनी? भाग्यरेषा?”

“शोधत होते. नाही सापडली,” हेमलता म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला. मीनाक्षी नव्हे! मग जी कोणी असेल ती दूरची, अनोळखी असेल. अनोळखी बाईचा विसर पडू शकतो. संसार सावरता येतो. मनातल्या मनात तिने मीनाक्षीची क्षमा मागितली आणि तिच्या ओटीत बोरे जरा जास्तच घातली.

इतक्यात भालचंद्र बायकोला न्यायला दाराशी आला.

“या, भावजी! तिळगूळ घ्या,” हेमलता प्रसन्नपणे म्हणाली. “आणि आज तुम्हालाही अत्तर लावते.”

“मला? मी काय सुवासिनी आहे?” तो हसत मागे सरला.

“लावा, वहिनी! बिल्कुल सोडू नका त्यांना,” मीनाक्षी ओरडली.

हास्याच्या लाटेत हेमलतेने त्याचा हात धरला आणि कुपी उघडली. त्याची बाही अजून मनगटावरच होती, तोच आतल्या खोलीतून उल्हास धावत आला.

“नको, हेमा! त्याच्याही हाताला झोंबेल.”