तिसरं तळं

केलिमुतू ज्वालामुखीच्या माथ्यावर तीन तळी आहेत. मेल्यावर म्हातारी माणसं एका तळ्यात जातात, तरणी दुसऱ्यात आणि चोर-लफंगे तिसऱ्यात. पितरांना जेवू घालायच्या दिवशी म्हातारी सिसिलिया लेकीचा हात धरून धापा टाकत वर चढली, आणि दरवर्षीप्रमाणे तिसऱ्याच तळ्याच्या काठावर तिने नवऱ्यासाठी भात, डुकराचं मटण अन् ताडाची दारू मांडली.

"घे, ढोस!" ती तळ्यावर खेकसली. "चाळीस वर्षं डोकं खाल्लंस माझं. आता बस इथेच बोंबलत! मी आपली त्या म्हाताऱ्यांच्या तळ्यात जाणार. तिथे सगळी भली माणसं, कुणी आवाज चढवून बोलायचं नाही."

"सुटलीस की मग, आई!" लेक एर्ना हसली. "तिथे तुझ्याशी भांडायला कुणी म्हणून नसेल."

म्हातारीचं तोंड एकदम उतरलं. डोंगर उतरताना ती पुन्हा पुन्हा मागे वळून तिसऱ्या तळ्याकडे बघत होती.



दुसऱ्या दिवशी भर दुपारी, अख्खं गाव बघत असताना, जन्मात कुणाच्या काडीला हात न लावलेल्या सिसिलियाने शेजाऱ्याची कोंबडी पळवली.