दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स

सासऱ्यांच्या छातीत कळ आली तशी शर्वरी फोनवर ओरडली, "हेरंब, अ‍ॅम्ब्युलन्स मागे वळव!"

"कशी वळवू? पेशंट आहे गाडीत."

ऑस्ट्रेलियातल्या त्या आडगावाला मेंढीचा तीनमजली पुतळा परवडला होता, दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स नाही. होती ती गावकऱ्यांनीच आळीपाळीने फुकट चालवायची. आज पाळी तिच्या नवऱ्याची होती, आणि हॉस्पिटल दोन तासांवर.

"मरू दे तो पेशंट! बाप आहे तुझा!"

"अगं, त्याच्यावर नको ओरडूस," सासरे धापा टाकत म्हणाले.

"बाई अडलीय गं," हेरंबचा आवाज चिरकला. "पोर आडवं आहे."

शर्वरीने किल्ल्या उचलल्या. तिने म्हाताऱ्याला खांद्याचा आधार देत मोटारीत बसवलं.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "बाबांना घेऊन तुझ्या मागोमाग येतेय."