डावी पाकळी

"दुखूक लागायच्या आधी काय होता?" डॉक्टर तिरोडकरांनी विचारलं.

शेवंतीने डोळ्यांवरचा पदर काढला नाही. "डोळ्यांफुडे काजवे नाचतत. मगे उजवी बाजू ठणकाक लागता. उजेड सोसणा नाय. फोडणीचो वास इलो की ओकाक येता."

"आणि कोणी मोठ्यान बोललो तर?"

"तुमी जरा हळू बोललास तर बरा."

त्यानंतर डॉक्टर हळूच बोलले. अठ्ठावन्न सालचा वैशाख, अंगाची काहिली होत होती आणि हा माणूस मालवणातला दवाखाना सोडून होडीने खाडी ओलांडून आला होता. वाडीत डोकेदुखीवर औषध माहीत नाही असा कोणी नव्हता. ज्याचं औषध लागू पडलंय असाही कोणी नव्हता. चौकशी करायला मात्र हे पहिलेच बसले.

सासू सावित्री पडवीत फणस फोडत होती. हातांना खोबरेल चोपडलं होतं तरी बोटं चिकाने भरलेली. हा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलानेच काय तो सुटतो. तोंड अर्थात तिचं चालूच होतं.

"मीठ-मिरच्ये ओवाळलंय, सुंठीचो लेप लावलंय, काय म्हणून रवाक नाय. शेवटी शिमग्याक राखणदाराफुडे बोललंय, हिची अर्धशिशी जाऊंदे, ही दर सोमवार निरंकार करतली. पाण्याचो थेंब घेवची नाय."

राखणदार म्हणजे माडांच्या बागेतला त्यांचा पाषाण. घरादाराची राखण तोच करतो, ही सावित्रीची श्रद्धा.

"शिमग्याआधी कितपत दुखायचा?" डॉक्टरांनी शेवंतीला विचारलं.

"महिन्यातून एकदा, कधी ताही नाय."

"आणि आता?"

"दर सोमवारी, दुपार झाली की."

"सोमवार सोडून कधी?"

शेवंती आठवत राहिली. "संकष्टीक."

पडवीतला कोयता थांबला. डॉक्टर उठून सावित्रीजवळ जमिनीवरच बसले.

"काकी, ही अर्धशिशी तिच्या आयेकडसून इली आसतली. ती मुळापासून जावची नाय, पण सांभाळता येता. काजवे दिसले की ही गोळी घेवची आणि काळोखात गप पडाचा. वेळेर झोपाचा, वेळेर खावचा. रिकामा पोट तिका बाधता. ह्यो उपासच तिका भोवता."

दुसरा कोणी असता तर म्हातारीला अडाणी म्हणून मोकळा झाला असता. डॉक्टरांच्या आवाजात तसलं काही नव्हतं.

"उपास मोडूचो नाय," सावित्री म्हणाली. "हिचो घोव, माजो बाबली, गलबतार आसा. देवाक दिलेलो शब्द मोडलो आणि दर्यात त्याचा काय झाला तर? उजवो कौल मिळाल्याशिवाय हिच्या तोंडात शीत जावचा नाय."

"गेल्या सोमवारी ही विहिरीत पडणार होती, काकी. शेजारणीन पदर धरलो म्हणून वाचली. दर खेपेक कोण धरतला?"

सावित्रीने सुनेच्या अंथरुणाकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी कोयता पुन्हा फणसात शिरला.

"मगे कौल लावा. मी येतंय," डॉक्टर म्हणाले. परतताना ते कौल लावणाऱ्या परशुराम गुरवाच्या घरापुढच्या खळ्यात बराच वेळ बसले. वाडीने ते पाहिलं आणि समजायचं ते समजली.

सोमवारी सकाळी माणसं पाषाणापाशी जमली. सावित्रीने नेहमीसारखी पहाटेच आंघोळ करून पाषाण धुऊन-पुसून ठेवला होता. परशुरामाने दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर उपास सुटला. डावी पडली तर चालू राहिला.

"बा राखणदारा, ह्या लेकराच्या मस्तकातली पीडा तुका ठाऊक आसा. खावचा की उपाशी रवाचा, तूच सांग."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

खाडीवरून वारा आला. डाव्या पाकळीची कड उचलली गेली, थरथरली. शेवंतीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. या माणसाचा कौलावर विश्वास नव्हता, पण त्या घडीला त्याने मनातल्या मनात हात जोडले.

उजवी पडली.

शेवंती रडायलाच लागली. सावित्रीचा चेहरा हलला नाही. "देवाचा म्हणणा. आता खा," एवढंच ती म्हणाली. घरात जाऊन वाफाळत्या पेजेचा वाडगा घेऊन आली आणि सून शेवटचं शीत खाईपर्यंत समोर उभी राहिली.

होडीकडे जाताना डॉक्टर परशुरामाला म्हणाले, "परशुरामा, तुजे उपकार झाले."

"माजे कसले? त्या दिवशी तुमका खळ्यातसून हाकलून दिलंय, विसरलास? देवाक पढवूचा नसता, डॉक्टरांनू. कौल दिलो तो त्यानाच दिलो."

म्हातारा लबाड नव्हता, ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. देव मानावा की काय, असं डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग लक्षात आलं की छत्री पाषाणापाशीच राहिली. ते एकटेच मागे फिरले.

माणसं पांगली होती. सावित्री एकटी पाषाणापुढे गुडघ्यांवर बसली होती. शेजारी खोबरेलाची वाटी होती, हातात चिंधी. डावी पाकळी अजून सुटत नव्हती आणि ती तो खांदा तेलाने घासघासून काढत होती.

"काय घेवचा ता माज्याकडसून घे, महाराजा," ती पुटपुटत होती. "चीक मी लावलंय, बाबलीन नाय."