बाबांची निवड

काउंटरवर दोन डबे होते. दोन्ही काळे, दोन्हींना मागे पंखा, दोन्हींवर वॅटचा आकडा एकच. पोरीने ते बापापुढे सरकवले.

"एवढा पॉवर सप्लाय तुम्ही निवडा, बाबा. वीज हे तुमचं खातं."

बाकी सगळं तिने स्वतः निवडलं होतं. कोणता प्रोसेसर कोणत्या बोर्डवर बसतो, ग्राफिक्स कार्ड पेटीत मावतं की पंख्याला अडतं, हे सुट्टीभर पोरांच्या शिकवण्या घेता घेता तिने डोळ्यांत तेल घालून वाचलं होतं. गेम खेळायचा कॉम्प्युटर, तोही स्वतःच्या हातांनी जोडलेला. तो चालला की पुढे इलेक्ट्रॉनिक्सलाच जायचं, हेही तिने ठरवून टाकलं होतं. मार्क चांगले पडले तर आड येणार नाही, असा बापाने शब्द दिला होता. मार्क पडले होते.

बापाचा धंदा विजेच्या मोटारी वाइंड करायचा, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळायचा. जळकी मोटार आली की तो आधी ती नुसती उचलून बघे. आत तांबं किती आहे, ते त्याला हाताला कळे.

"बघा हं आता," पोरगी दुकानदाराला म्हणाली. "आमच्या बाबांना वजनकाटा लागत नाही."

बापाने डावा डबा तळहातावर घेतला. जड. आत भरीव माल होता. हा पडेल तो भार मुकाट्याने ओढेल. मग त्याने उजवा उचलला, आणि भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसा त्याचा हात झटकन वर गेला. आकडा तोच, पण आत काही नव्हतं. हा साधी कामं करील. गेम रंगात आला, कार्डने पुरती वीज मागितली, की मान टाकेल. जळणार नाही, जाळीतून आत डोकावून तेवढं त्याने पाहून घेतलं. नुसता बंद पडेल. दर वेळी.

"हा," त्याने उजवा पुढे केला.

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "काका, हा ऑफिसच्या मशीनला ठीक आहे. हिचं कार्ड केवढं आहे बघा. पैशांचं म्हणत असाल तर मी थोडं—"

"पैशांचा प्रश्न नाही."

"तसं नव्हे, पण—"

"तुम्ही डबे विकता. मी आत काय असतं ते बघतो."

पोरगी खळखळून हसली. "राहू द्या हो! यांच्याशी कुणी वाद घालत नाही. आईसुद्धा नाही." मग तिने जरा थांबून विचारलं, "पण बाबा, जड असतो तो चांगला, असं वाचलं होतं मी."

"ती जुनी बनावट. आता सगळं हलकं यायला लागलंय."

"असं होय!" तिने डबा पिशवीत ठेवला. वरून गुंडाळीचा कागदही नीट खोचला.

घरी पोरगी आतल्या खोलीत खोकी उघडत होती तेव्हा बायकोने हळूच विचारलं, "खरंच घेऊन दिलंत? आणि तिला इलेक्ट्रॉनिक्सला पाठवायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

"स्वतःहूनच सोडेल," तो बूट काढत म्हणाला. "आपण कशाला वाईट व्हायचं?"

कॉम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. पोरीने आरडाओरडा करून दोघांना बोलावलं, आणि बापाने टाळ्याही वाजवल्या. गेम लावल्यावर थोड्याच वेळात पडदा काळा झाला. पुन्हा लावला, पुन्हा काळा.

आठवडाभराने बाप कामावरून आला तर खोलीत चादर अंथरलेली होती. तिच्यावर सगळे भाग सुटे करून मांडले होते, आणि पोरगी मधोमध बसली होती. तिच्या बोटांना करडी पेस्ट लागली होती.

"मेमरी बदलून पाहिली," ती मान वर न करता म्हणाली. "कार्डचे दात खोडरबराने पुसले. प्रोसेसरची पेस्ट काढून नवी लावली. तरी बंदच पडतंय, बाबा. माझ्या हातांतच नाहीये हे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा फॉर्म भरत नाही."

दारात बायको उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खाकरून घसा साफ केला.

"पॉवर सप्लाय बघितलास?"

"नेटवर सगळे तेच सांगतात. आधी पॉवर सप्लाय बघ, पॉवर सप्लाय बघ." ती किंचित हसली. "त्यांना काय माहीत, तो कुणी निवडलाय."

बाप चादरीच्या कडेला उकिडवा बसला. डबा त्याच्या गुडघ्यापाशीच होता. त्याने तो उचलला, आणि अडचण होऊ नये म्हणून जरा लांब सरकवून ठेवला.

"मग तुझ्याच हातून काहीतरी सुटलं असेल," तो म्हणाला.

"हो," पोरगी म्हणाली. तिने पेस्टचे हात फ्रॉकला पुसले, बोर्ड मांडीवर ओढला आणि पहिल्या स्क्रूपासून पुन्हा सुरुवात केली.

खोलीत उजेड कमी होता. बापाने टॉर्च लावला आणि तिला नीट दिसावं म्हणून अगदी जवळ धरला.