घागरीवरची अक्षरं

"आपापली वळख द्या, आन् शिकवनार कसं ते सांगा," सरपंच हैबतराव म्हणाले आणि देवळाच्या खांबाला टेकून बसले.

समोर नऊ बायका होत्या आणि कालच्या भंडाऱ्याला घरोघरून आणलेल्या भांड्यांचा ढीग होता. या नऊजणींनी शिकवणी लावायचं ठरवलं होतं. घरटी पायलीभर आंबेमोहोर द्यायचा, गुरुजी मात्र आलेल्या दोघांतून पारखून घ्यायचा. पुढाकार धोंडाबाईचा. ती नुकतीच पंचायतीवर निवडून आली होती आणि वाचल्याशिवाय अंगठा उठवणार नाही म्हणून हटून बसली होती. त्यातच मागच्या महिन्यात ती गावी परतताना पिरंगुटला कोळवणची समजून मुठ्याची एस.टी. धरून बसली. त्यावरून गाव अजून हसत होतं.

आधी जयसिंग मास्तर उठले. भूगावचे, धुतलेला सदरा, खिशाला पेन.

"मी फायनल पास. ट्रेनिंग पुण्याला झालं. सात वर्षं घरी जाऊन शिकवण्या करतो. माझी पद्धत तक्त्याची. चित्र बघायचं, अक्षर म्हणायचं. दोन महिन्यांत बाराखडी."

माणूस सज्जन होता. त्यांनी तक्ता उलगडून पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. "हे काय?"

"फणस," कमळ म्हणाली.

"अननस. अननसाचा अ."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. अननस म्हणजे काय ते त्या खोऱ्यात कुणाच्या बापाने पाहिलं नव्हतं.

"न्हाई वो गुर्जी, फणसच हाय. कवळा हाय."

मग रंभाबाई उठली. तिचे हात छिन्नी धरून धरून राठ झाले होते, ते तिने पदराखाली घेतले.

"मी चौथी शिकले. मालक भांड्यांवर नावं घालायचे. ते गेल्यावर छिन्नी मी उचलली, त्याला अकरा वर्सं झाली. ह्या गावच्या निम्म्या भांड्यांवर माजंच अक्षर हाय."

"आन् शिकवनार कसं?"

"भांड्यांवरनंच."

देवळात हशा पिकला. रंभाबाईचे कान तापले. अकरा वर्षं बाजारात तिला सगळे 'नाववाली' म्हणत आले होते. कुणीतरी एकदा मास्तरीण म्हणावं, एवढीच तिची हौस होती आणि ती आज इथेच हसण्यावारी जाणार असं दिसत होतं.

तिने घाईघाईने हाताला लागली ती पितळी घागर ओढली आणि धोंडाबाईपुढे ठेवली. "कुनाची हाय, वाच."

धोंडाबाईने घागरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाकीच्या तोंडाला पदर लावून खुसखुसायला लागल्या.

"असं जमायचं नाही हो," मास्तर हळूच म्हणाले. "आधी अक्षरओळख लागते."

रंभाबाईने वाकून घागरीवरचं नाव वाचलं. 'कोंडाजी.' धोंडाबाईच्याच नवऱ्याची घागर! नवऱ्याचं नाव बाई तोंडाने घेणार कसं, आणि तेही हैबतरावांसारख्या चुलतसासऱ्यासमोर? संपलंच सगळं, तिला वाटलं.

धोंडाबाई खाकरली. पदर डोईवर नीट घेतला.

"आवणात लावलं रोप, चिखल लागला पायाला, कोंडाजीरावांचं नाव घागरीच्या गळ्याला!"

सगळं देऊळ दणाणलं. हैबतराव आढ्याकडे बघत मिशीत हसले.

रंभाबाईच्या जिवात जीव आला. "वळकलंस कशावरनं?"

"माजी घागर मी वळकनार न्हाई? ह्ये पयलं अक्षर, त्याच्या डोक्यावर टिंब."

"त्या टिंबावर अंगठा ठिव. आता काय ऱ्हायलं?"

धोंडाबाईने अंगठा ठेवला. ओठ हलवून बघितले. "को?"

"को! ऊठ कमळ, तुजा म्हायेरचा तांब्या आन. शेवटचं अक्षर सोडून बाकीची झाक." कमळने तळव्याने आपलंच नाव झाकलं आणि 'ळ' म्हणून ओरडली. हैबतरावांचं घंगाळ आलं, त्यावर शेवटचा 'व' उघडा राहिला. गेणबाची परात आली, तिच्यावर मधला 'ण'. चार भांडी ओळीने लागली, त्यांच्यावर चार बायकांचे हात.

"आता सलग म्हन."

"को... ळ... व..." धोंडाबाई थांबली. पुन्हा पहिल्यापासून आली. मग तिने मोकळ्या हाताने मांडीवर थाप मारली. "कोळवण! अगं बया, यष्टीच्या पाटीवरचं हाय ह्ये! आता मी कशाला जातीया मुठ्याला!"

बायका हातातली भांडी सोडून उठल्या. प्रत्येकीला आपलं भांडं आणायचं होतं, आपलं अक्षर दाखवायचं होतं. हैबतरावांचं बोलणं त्या गलक्यात कुणाला ऐकूच जाईना. शेवटी ते ओरडले, "शिकवनी रंभाबाईची!"

जयसिंग मास्तरांनी तक्ता गुंडाळला आणि खडूंची पेटी रंभाबाईपुढे ठेवली.

"अननस चुकलाच आमचा. खडू राहू द्या तुमच्याकडे, मास्तरीणबाई."

रंभाबाईने हात जोडले. या खेपेला ते पदराखाली गेले नाहीत.

भांडी घेऊन बायका पांगल्या. धोंडाबाई तेवढी घागर मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली.

"छिन्नी आनलीया का?"

"पिशवीतच अस्ती. का?"

"ह्यांच्या नावाखाली माजं घालायचं हाय. डा ह्यांचाच घिऊ, बा गेणबाच्या परातीवरचा." तिने हात पुढे केला. "धों आन् ई तेवढा दाखव. घालते मी."