तिसरं पाऊल

पाटी : राणी वेष पालटून पाण्याला निघते.

मूकपटाच्या क्यामेऱ्याचा फिरता दांडा थांबला. "खोटं," शिवमूर्ती म्हणाले. "पुन्हा."

निसार पुन्हा चालला. कमरेवर घागर. पदराचं टोक दोन बोटांत. तिसऱ्या पावलाला जरा थबकून हनुवटी खांद्याकडे. याच चालीवर बारा वर्षं थेटरं भरली होती. राणी, दासी, जोगतीण. लुगडं बदललं की माणूस बदलायचा.

"हे नाटकातलं चालणं," शिवमूर्ती म्हणाले. "मला खरी बाई पायजे."

"मग आणा की, मालक."

तो बिनधास्त बोलला. खरं तर या राणीसाठी तो नाटक मंडळी सोडून आला होता आणि तिथं त्याच्या जागी दुसरा उभा राहिला होता. ही भूमिका गेली की सगळंच गेलं. पण बाई आणणार कुठून? छत्रपतींच्या संस्थानात मुली शाळेत जात होत्या. सिनेमात नाही.

पाटी : चार दिवसांनी.

बायडाबाई आली. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर राबणारी.

"भ्या वाटत न्हाय?" शिवमूर्तींनी विचारलं.

"कुणाचं? त्या पेटीचं? ती काय चावतीया?"

निसार राणीचं लुगडं नेसून, केसांचा टोप घालून तयारच उभा होता. ही पळणार, याची त्याला खात्री होती.

ती पळाली नाही. घागर कमरेवर घेतली आणि चालली.

"हे!" शिवमूर्ती दांडा फिरवत राहिले. "याला म्हणतात खरं. बघ निसार, बघून घे."

निसार बघत होता. पदराचं टोक दोन बोटांत. तिसरं पाऊल. थबकणं. हनुवटी.

"बाई," त्यानं विचारलं, "तिसऱ्या पावलाला का थांबता?"

"आता गं बया." बायडाबाईनं घागर खाली ठेवली. "तुमच्याकडनंच घेतलंय न्हवं? थेटरात बायकांच्या माडीवर बसून बघितलंय तुमास्नी. समदी पेठ अशीच चालतीया की."

दांड्यावरचा हात निघाला.

निसारला फळी आठवली. पहिल्याच वर्षी, थेटरात, विंगेपासून तिसऱ्या पावलाला एक फळी सैल होती. पडू नये म्हणून तो थबकला. थबकणं लपवायला त्यानं हनुवटी वळवली. वन्समोअर आला. फळी नंतर ठोकून घेतली. पाऊल तसंच राहिलं.

शिवमूर्तींनी कपाळ पुसलं. मग हसले. "चुकलो बाबा. उचल घागर. तूच कर राणी."

निसारनं घागर उचलली. बायडाबाईच्या कमरेवर ठेवली.

"पेठेनं घेतलं ते पेठेचं. ह्यांनाच करू द्या."

"आणि तू?"

पाटी : (अजून लिहिलेली नाही.)

निसारनं टोप काढला. रंगपेटीतून सरदाराची मिशी उचलली, चिकटवली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आरशात पुरुषासारखं बघितलं. उजव्या हातात टोप होता, म्हणून डाव्या हातानं मिशीला पीळ दिला.

"हे कसलं रे?" शिवमूर्ती म्हणाले. "डाव्या हातानं कुठला मर्द मिशी पिळतो?"

"चित्र लागू द्या, मालक. मग पुढच्या दसऱ्याला तालमीत जाऊन पैलवान कुठल्या हातानं मिशी पिळतात ते बघा."