सहानंतरची लाइन

मशिनने पुन्हा नंबर फिरवला आणि पुन्हा एंगेजचा टूं-टूं आवाज आला.

बाईंनी कपाळ चोळलं. दिवसभर वर्गावर वर्ग घेऊन घशाला कोरड पडली होती, आणि हा आवाज सोमवारपासून त्या रोज ऐकत होत्या.

शाळेतलं युनिक्स मशीन, म्हणजे संगणक, जुनं होतं. सहा वाजता ऑफिसातली फोनची लाइन त्याला मिळे, फोनचे दरही उतरत. मग ते दूरच्या गावी, धाकट्या भावाच्या कारखान्यातल्या तसल्याच मशिनला फोन लावी. इकडची पत्रं तिकडे देई, तिकडची घेऊन येई. एंगेज लागला तर दर दहा मिनिटांनी पुन्हा लावी. दोन्ही मशिनं बाईंनीच बसवली होती, घड्याळापासून फोन लावायच्या वेळांपर्यंत सगळं एकसारखं. फोन मात्र नेहमी इकडूनच जाई. भावाचा साहेब बिलावरून कुरकुरे.

आत्ता मशिनमध्ये, पाठवायच्या रांगेत, एकच पत्र अडकलं होतं. ‘आईला आश्रमात नेऊ नकोस. माझ्याकडे पाठव. मी चुकले.’

रविवारी भाऊ फोनवर म्हणाला होता, “ताई, आता तू सांभाळ आईला. मी थकलोय रे देवा.”

“आणि मी काय रिकामी बसलेय?” म्हणत त्यांनी फोन आपटला होता. दोघं तोंडाने बोलली की भांडायचीच. म्हणून तर लिहायचं. उद्या सकाळी तो आईला वृद्धाश्रमात पोचवणार होता.

शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात आले. “बाई, भावाचं लग्न जमतंय की काय? एवढं कोणाशी बोलतोय?”

“बोलतोय कसला! रिसीव्हर काढून ठेवलाय. लहानपणी रुसला की कडी लावून बसायचा, त्यातलाच प्रकार.”

“मग तुम्ही तरी कशाला ताटकळता? घरी जा, चार घास खा.”

सात वाजता पुन्हा टूं-टूं. बाईंचं अवसानच गळालं.

“नको तर नको,” त्या पुटपुटल्या. पत्र रांगेतून काढून टाकलं, फोन लावणं बंद केलं, आणि तशाच डोकं धरून बसून राहिल्या. मामांनी खिडक्या लावल्या, फळा पुसला, खुर्च्या सरकवल्या. शेवटी त्यांनीच पर्स आणून हातात दिली.

तेवढ्यात फोनची घंटा वाजली. या वेळी इकडे कधी कोणाचा फोन येत नसे.

मशिनला फोनशी जोडणारा मोडेम किंचाळला, खरखरला आणि शांत झाला. पडद्यावर भावाचं पत्र उमटलं.

‘ताई, आई रडतेय, आश्रमात जायचं नाही म्हणते. तुझ्याकडे आणू? नुसतं हो म्हण. साहेबाच्या हातापाया पडून सोमवारपासून रोज सहाला मीच तुला फोन लावतोय. एवढा राग, की रिसीव्हर काढून ठेवलास?’